भंगाराचा तास

विठ्ठलवाडी,
गुरुवार, २४ सप्टेंबर २००९

प्रिय जिज्ञासा,

तुझं पत्र पोचलं. पेणच्या मामींनी तुला पापड लाटायला बसवलंय आणि तुझे पापड नकाशासारखे होतात, हे मी मोठ्याने वाचलं तेव्हा आईसुद्धा हसली. शेवटचा परिच्छेद मात्र मनातच वाचला.

पुण्याहून काही आलं का, एवढंच त्यात विचारलंयस. नाही आलं.

मी रोज बघते. आपल्या बायकांच्या वर्गाचा ईमेल माझ्या फोनमध्ये आहे, म्हणजे बघणं माझंच काम. आपण दोघींनी मिळून एकच पत्ता काढला तेव्हा सायबर कॅफेवाला म्हणाला होता, "दो लडकी, एक आयडी? झगडा होगा, देखना." आपण दोघी त्याच्या तोंडावर हसलो होतो. पुण्याच्या प्रीती मॅडमच्या संस्थेचे फॉर्मही त्याच पत्त्यावरून भरले, तुझा आणि माझा, एकामागोमाग एक. वर्षभर पुण्यात राहून शिकवण्याचं शिक्षण, राहणं-जेवण त्यांचं, आणि जागा एकच. तेव्हा उत्तर तुला येवो की मला, येणार ते माझ्या पर्समध्येच.

भंगार मात्र भरपूर येतं. काल एका दिवसात एकेचाळीस. लॉटरी, टकलावरचं औषध, आणि विलायतेतली ती विधवा बाई, जिला आपली सगळी इस्टेट नेमकी पालेगावच्या शनिवारच्या वर्गालाच द्यायची आहे. संशय आला की फोन अशी मेल आपणहून 'जंक' नावाच्या कप्प्यात टाकतो आणि तीस दिवसांनी स्वतःच फेकून देतो. कधीकधी चांगली मेलही चुकून तिथे जाते, म्हणून मी तो कप्पाही रोज उपसते. माझ्या नजरेतून काही सुटणार नाही.

वर्ग चालू आहे. शनिवारी समाजमंदिरात बावीस बायका होत्या. गंगूमावशी आता इंग्रजीत सही करतात. जीन्सच्या कारखान्यात धागे कापून झाल्यावर त्यांनी शेठला करून दाखवली, तर तो म्हणाला, "अरे वा गंगूबाई, अब तो तुम मेरा चेक साइन करो." तू नसल्यामुळे हसणं कमी असतं, हे कबूल केलं पाहिजे. मी शिकवते तेव्हा सगळ्या वहीत बघतात. तू शिकवायचीस तेव्हा तुझ्याकडे बघायच्या.

रविवारी बदलापूरच्या बाजारात तुझे बाबा, हरिचंद्रकाका, भेटले. त्यांनीच विचारलं, "काय गो, पुण्याचा काय झाला?" मी सांगितलं, अजून काही नाही काका, मोठी माणसं बोलतात आणि विसरतात. ते म्हणाले, "मंग दिवालीपरत थांबतू. नाय आला तर पाहुन्यांना हो सांगतू." उरणचा मुलगा नोकरीला आहे, घर स्वतःचं आहे, असंही म्हणाले.

लग्नाला तुझी तयारी नाही हे मला माहीत आहे. पण वाट बघण्यापलीकडे आपल्या हातात काय आहे? नीट जेव. मामींशी वाद घालू नकोस.

तुझी,
यशोधरा


विठ्ठलवाडी,
गुरुवार, १ ऑक्टोबर २००९

जिज्ञासा,

एक चूक झाली आहे आणि ती तुला कळवायला हवी.

सोमवारी, विजयादशमीला, आम्ही सगळे पांढरे कपडे घालून विहारात गेलो होतो. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज निघाला नाही. आईला वाटलं घसा बसला. घरी आल्यावर तिने हळदीचं दूध दिलं. ते मी प्यायले. तीन दिवस झाले, घसा ठीक आहे.

प्रीती मॅडमच्या संस्थेची मेल आली होती. बारा सप्टेंबरला. ती फोनने जंकमध्ये टाकली होती, कारण पत्ता अनोळखी आणि वर 'अभिनंदन' लिहिलेलं. त्याच दिवशी शनिवार होता, वर्ग होता, आणि तुला माहीतच आहे, शेवटचा अर्धा तास भंगाराचा. मी नेहमीसारख्या पाच-सहा भंगार मेल वाचल्या, इंग्रजी वाक्य आधी, मराठी अर्थ नंतर. त्यात तीही वाचली गेली.

आपला नियमच तो आहे. माणूस अनोळखी असेल तर एक बोट. आपली स्तुती करत असेल तर दुसरं. पैसे किंवा काही फुकट देत असेल तर तिसरं. तीन बोटं वर गेली की सगळ्यांनी ओरडायचं, भंगार. या मेलला तिन्ही बोटं लागू पडली. बायका ओरडल्या. मी सगळ्यांसमोर बटण दाबलं.

दोष कुणाचा म्हणशील तर पद्धतीचा आहे. फसवणाऱ्याला ओळखायला आपण जे शिकवलं, त्यात खरोखर भलं करणारं माणूस कसं ओळखायचं ते शिकवलंच नाही. मी यावर बराच विचार केला आणि वर्गाच्या वहीत तशी नोंदही केली आहे. पुढच्या वेळी चौथं बोट काय असावं याचा आपण विचार करू.

ती मेल आता सापडत नाही. त्यात काय लिहिलं होतं तेही मला नीट आठवत नाही. उत्तर द्यायची तारीख बहुतेक उलटून गेली असेल. कळवायला उशीर झाला, कारण मी घाबरले होते.

मला क्षमा करशील अशी आशा आहे. शेवटी चूक बावीस जणींची आहे.

यशोधरा


विठ्ठलवाडी,
शुक्रवार, ९ ऑक्टोबर २००९

जिज्ञासा,

तुझं पोस्टकार्ड आलं. एकच ओळ. 'त्या मेलमध्ये माझं नाव होतं ना? ते तू वर्गात वाचलंस का?' पोस्टकार्डावर लिहिलंस म्हणजे पोस्टमननेही वाचलं असणार, आणि खालच्या मजल्यावरच्या उमाकाकूंनी तर नक्कीच, कारण कार्ड माझ्या हातात त्यांनी दिलं आणि वर म्हणाल्या, "कुणाचं नाव गं?"

नाही वाचलं.

आता सगळं सांगते. मधे थांबले तर पुन्हा काहीतरी वेगळंच लिहीन, म्हणून एका बैठकीत लिहिते आहे.

ती मेल मला वर्गात सापडली नाही. सकाळी सापडली, कामावर जायच्या आधी. मी जंकचा कप्पा रोज उपसायचे ते वर्गासाठी नाही, तुझ्यासाठी तर नाहीच. माझं नाव शोधायला. ऑगस्टपासून रोज. त्या सकाळी 'अभिनंदन' दिसलं. मला वाटलं, माझं. उघडलं, तर पहिला शब्द तुझं नाव.

तरी मी वाचत गेले. प्रीती मॅडमनी लिहिलं होतं की जुलैत पालेगावच्या वर्गात येऊन बसले तो दिवस विसरू शकत नाही. आणि पुढे हे वाक्य, ते मला पाठ आहे: नको असलेल्या मेलमधून बायकांना इंग्रजीही शिकवायचं आणि सावधही करायचं, ही कल्पना ज्या मुलीला सुचली, तीच आम्हाला हवी आहे.

जिज्ञासा, ती कल्पना मला सुचली. तुला माहीत आहे. अंबरनाथच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी जंकमधल्या मेल खोडत बसले होते आणि एकीत स्पेलिंगच्या अकरा चुका मोजल्या, तेव्हा सुचली. तीन बोटं माझी. 'भंगाराचा तास' हे नाव माझं. पण मॅडम आल्या त्या दिवशी मी हजेरी, अहवाल, फळ्यावरची तारीख यात अडकले आणि म्हटलं, तू घे तास. तू त्या विलायतेच्या विधवेचा आवाज काढलास, डोक्यावर पदर घेऊन रडलीस. मॅडम डोळे पुसून हसल्या. माझ्या अहवालाची फाइल त्यांनी न उघडता पिशवीत ठेवली.

तू त्यांना खोटं सांगितलंस का, हे मी तपासलं. तुझा फॉर्म आपल्या पाठवलेल्या मेलमध्ये आहेच, तो काढून वाचला. कुलूप दोघींचं, किल्ली दोघींची, तरी चोरासारखं वाटलं. तू सगळीकडे 'आम्ही' लिहिलंयस. एका ठिकाणी तर माझं नावही आहे. तू 'मी' लिहिलं असतंस तर किती बरं झालं असतं. मला रागवायला जागा मिळाली असती.

माझ्या फॉर्ममध्ये सगळीकडे 'मी' आहे. तेही त्याच दिवशी वाचलं.

मग वर्गात काय झालं ते. मी ती मेल मुद्दाम चौथी घेतली, आधी तीन लॉटऱ्या वाचून बायकांना रंगात आणलं. तुझं नाव गाळलं. मॅडमचं नाव गाळलं. जुलैचा उल्लेख गाळला. उरलं काय? कुणीतरी अनोळखी, स्तुती करतंय, वर्षभर फुकट राहायला देतंय. बोटं वर गेली. 'भंगार' एवढ्या जोरात झालं की बाहेर क्रिकेट खेळणारी पोरं आत डोकावली.

गंगूमावशींनी बोट वर केलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "परत वाच."

मी म्हटलं, "का मावशी?"

"मी दिवसभर धागे कापते. डुप्लिकेट मालाला कुठंतरी धागा लोंबतोच. ह्याला नाय लोंबत."

शेजारच्या माई हसल्या. "मावशी, तुम्हाला इंग्रजी कळायला लागलं काय आता?"

"इंग्रजी नाय कळत," गंगूमावशी म्हणाल्या, "पण हिचं बोट कळतं. आधीच्या तीन वाचताना बोट ओळीओळीनं खाली येत होतं. ह्या टायमाला दोनदा उडी मारली. मधलं काय गाळलंस गं?"

मी म्हटलं, "काही नाही मावशी, पत्ता होता." आणि बटण दाबलं. फोनने विचारलं, या माणसाच्या यापुढच्या सगळ्या मेल जंकमध्येच टाकू का? मी हो म्हटलं. बावीस जणींनी टाळ्या वाजवल्या. एकवीस.

ज्या पोरीने त्यांना कुणालाही न फसण्याचं शिकवलं तिनेच त्यांना फसवलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही. बाबा कुणालाही सांगतात, "आमची यशू कागद वाचून दाखवते, फसवणार नाही." लोक लाइटबिलापासून कोर्टाच्या नोटिशीपर्यंत सगळं माझ्याकडे घेऊन येतात, आणि मी वाचते ते खरं धरून उठून जातात. त्याच विश्वासावर मी तुझी मेल भंगार ठरवली.

आणखी दोन मेल आल्या आहेत. बावीस सप्टेंबरला एक: उत्तर का नाही? पाच ऑक्टोबरला दुसरी: गुरुवार, पंधरा तारखेपर्यंत वाट बघू, मग पुढच्या नावाला विचारू. तिन्ही अजून कप्प्यात आहेत. 'सापडत नाही' हे खोटं लिहिलं. पहिली सोमवारी आपोआप नाहीशी झाली असती. मी रोज उघडून दिवस मोजत होते. आणि पुढचं नाव कुणाचं असेल, हेही मनात येऊन गेलं. गेलं नाही, राहिलं होतं.

आज तिन्ही बाहेर काढल्या. अडवलेला पत्ता मोकळा केला. उद्या वर्गात गंगूमावशींसमोर पहिली मेल पूर्ण वाचणार आहे. परवा चामटोलीला तुझ्या घरी जाऊन काकांना सांगणार आहे. हे पत्र तुला त्याआधी मिळणार नाही, म्हणून परवानगी मागत नाही.

यशोधरा


विठ्ठलवाडी,
सोमवार, १२ ऑक्टोबर २००९

जिज्ञासा,

हे पत्र तुझा अल्पेशदादा उद्या सकाळी तुझ्या हातात देईल. सोबत तिन्ही मेलच्या छापील प्रती आहेत. तो तुला घ्यायलाच येतो आहे, पण आधी हे वाच, कारण घरी कुणी काही सांगायच्या आत तुला माझ्याकडून कळावं.

शनिवारी वर्गात मेल वाचली. या वेळी बोट ओळीओळीनं. तुझं नाव आलं तेव्हा कुजबुज झाली. मग माई म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी आम्ही जिज्ञासाताईला भंगार म्हटलं? आणि तू टाळ्या घेतल्यास?" मी म्हटलं, हो. दोघी उठून गेल्या. माई गेल्या नाहीत, पण वही पिशवीत टाकून बसल्या. गंगूमावशी एवढंच म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी वाचायला दुसरी कोणतरी बसेल. तू बाजूला उभी राहा." ते बरोबर आहे.

प्रीती मॅडमना सगळं लिहिलं. भंगाराचा तास माझ्या कल्पनेतून निघाला, हे वाक्य मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि शेवटी ठेवलं. खरं आहे ते. त्यांचं उत्तर दोन तासांत आलं. जिज्ञासाने स्वतः, स्वतःच्या पत्त्यावरून, पंधरा तारखेच्या आत कळवावं, बाकी काही अडचण नाही. माझ्या त्या वाक्याबद्दल त्यांनी काहीही लिहिलेलं नाही. मी ते उत्तर चार वेळा वर-खाली करून बघितलं.

रविवारी चामटोलीला गेले. हरिचंद्रकाका ओट्यावर विळ्यांना धार लावत होते. मोतीबाईकाकूंनी नेहमीसारखं "ये गो यशू" म्हटलं आणि चहा ठेवला. मी फोन पुढे केला आणि सांगितलं, पुण्याहून बोलावणं आलंय, महिना झाला.

काकांनी विळा खाली ठेवला नाही. "तूच बाजारान सांगलास का काय नाय आला. आता सांगतंस आला. कंचा खरा?"

अल्पेशदादाने मेल वाचली आणि म्हणाला, "बाबा, असल्या मना पन येतात. परवा मना सत्तर लाख लागलं. घेऊ काय जीप?"

मी म्हटलं, दादा, ही खरी आहे. त्यांचा फोन नंबर आहे, लावून बघ. त्याने लावला. रविवार, कुणी उचलला नाही.

काका म्हणाले, "पोरीनं सांगला आसंल, लगीन मोडाचाय, कायतरी कागूद दाखव. तुमी दोघी जीवाच्या मैतरनी. तिच्यासाठी तू खोटा बोलशील, ह्या मना ठाव हाय."

जिज्ञासा, मी त्यांच्यासमोर उभी होते आणि त्यांना वाटत होतं की मी तुझ्यावरच्या प्रेमापोटी खोटं बोलतेय. मला तेवढंच ऐकून घेऊन निघून येता आलं असतं. तुला सांगता आलं असतं की मी प्रयत्न केला. काकू चहाचा कप घेऊन दारात थांबल्या होत्या.

मी म्हटलं, "काका, खोटं मी सप्टेंबरात बोलले. तिचं नाव आलं, माझं नाही आलं. माझ्या कल्पनेवर तिचं नाव आलं. मी जळले. म्हणून महिनाभर दाबून ठेवलं. तिचं लग्न ठरून गेलं तर बरं, असंही मला वाटलं."

काकूंनी चहाचा कप माघारी घेतला. "ह्या घरान जेवलीस गो तू," त्या म्हणाल्या. "माज्या हातचं." मग आत गेल्या. चहा मला मिळाला नाही.

काका माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. बैल विकत घेताना बघतात तसं. मग म्हणाले, "जललीस?"

"हो काका."

"खरा सांगतंस?"

"हो."

"मंग आसंल," ते अल्पेशदादाला म्हणाले. "खोट्या वस्तूव कोन जलत नाय. जा, तिला घेऊन ये पेनशी. पाहुन्यांना मी सांगतू, पोरगी वरीसभर शिकाला जाते, थांबाचा तर थांबा."

मी निघाले तेव्हा कुणी 'ये परत' म्हणालं नाही.

आता काम. तुझ्या नावाचा वेगळा ईमेल काढून ठेवला आहे, पासवर्ड छापील प्रतींच्या मागे पेन्सिलीने लिहिलाय, गेल्याबरोबर बदल. मला सांगू नकोस. दादा तुला बदलापूरला आणेल तेव्हा स्टेशनजवळच्या कॅफेत आधी जा, घरी नंतर. उत्तर इंग्रजीत लिहायची गरज नाही, मॅडमना मराठी येतं. वर्गाचा ईमेल मी माझ्या फोनमधून काढून टाकला. तो आता गंगूमावशींच्या मुलीकडे आहे.

तुझ्या पोस्टकार्डाला क्षमेची अपेक्षा जोडून उत्तर लिहिणार नाही. मागे लिहिली होती ती चुकीची होती, बावीस जणींना त्यात ओढायला नको होतं.

एक शेवटचं, कारण आता तुझ्याशी अर्धं खरं बोलायचं नाही असं ठरवलंय. काका 'घेऊन ये' म्हणाले तेव्हा मला आनंद झाला नाही. रिक्षात बसल्यावर होईल असं वाटलं, तेव्हाही नाही. आज हे लिहितानाही तू पुण्याच्या त्या वर्गात उभी राहून सगळ्यांना हसवते आहेस असं दिसतं आणि मी तशीच जळते. हे जाईल की नाही मला माहीत नाही. पण ते असतानाही मी पाकीट चिकटवते आहे.

पुण्याला जा. मी तुला सोडायला येणार नाही. तेवढी चांगली मी अजून झालेली नाही.

यशोधरा